मामांचं माप आणि फॉर्मिक अॅसिडमधला साबुदाणा

पावसाळा लागला की मामा टीडीआयचं, म्हणजे नायलॉन ‘धरवणाऱ्या’ रसायनाचं, माप बदलायचे. हे मला कळायला आठ वर्षं लागली, आणि ती आठही वर्षं क्वालिटीच्या रजिस्टरवर सही माझी होती.

भोसरी एमआयडीसीतलं कास्ट नायलॉनचं वर्कशॉप ते. मी १९९८ साली कोल्हापुरात एमएस्सी करून तिथे लागले. लॅब म्हणजे पोटमाळ्यावरची खोली. एक ओव्हन, एक तराजू, पाण्याचा बाथ आणि दोन उब्बेलोडे व्हिस्कोमीटर (द्रावण किती दाट ते मोजायच्या काचेच्या नळ्या), त्यातला एक मी पहिल्याच महिन्यात फोडला. खाली कास्टिंग. मामा तिथले मुख्य कारागीर. मालकांपासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मला ते ‘मॅडम’ म्हणत, आणि रागावले की ‘बाई’.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. एमटेक करतोय. परवा रात्री त्याचा मेसेज आला: ‘मावशी, अॅनायॉनिक पॉलिमरायझेशनमध्ये रेणुभाराचं वितरण अरुंद यायला हवं ना? मग माझा ग्राफ असा पसरट का येतोय?’ म्हणजे ऋणभाराच्या जोरावर लहान रेणू जोडून लांब साखळ्या केल्या, तर त्या साधारण सारख्याच लांबीच्या निघायला हव्यात ना, असं त्याचं म्हणणं. सोबत ग्राफचा फोटो. पसरट कसला, म्हैस डुंबून उठल्यासारखा. उत्तर टाइप करायला बसले ते संपेचना, म्हणून इथे लिहितेय. त्याला लिंक पाठवीन.

ज्यांनी कास्ट नायलॉन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. क्रेनच्या पुल्या, कन्व्हेयरचे रोलर, मोठे गिअर, बुश असे पिवळट पांढरे, लोखंडापेक्षा कितीतरी हलके भाग कुठे ना कुठे तुम्ही पाहिले असतील. नायलॉनचे दाणे वितळवून मशीनने साच्यात दाबायचे ही पद्धत लहानसहान वस्तूंना ठीक. मांडीएवढा जाड रॉड तसा होत नाही. मग नायलॉन साच्यातच बनवायचं. कच्चा माल कॅप्रोलॅक्टम. पांढरे पापुद्रे पोत्यातून येतात, सत्तर अंशांच्या आसपास वितळतात आणि पाण्यासारखे पातळ होतात. आम्ही केटलमध्ये शंभर किलो वितळवायचो, त्यात कॉस्टिक सोडा टाकायचो, व्हॅक्यूम लावून पाणी ओढून काढायचो, शेवटी टीडीआय, म्हणजे टोल्युइन डायआयसोसायनेट, ओतून ढवळायचो आणि एकशे साठ अंशांच्या साच्यात भरायचो. पहिली काही मिनिटं साच्यात नुसतं पाणी. मग पाक. मग कुठूनतरी दुधाळ ढग उठतो आणि बघता बघता सगळ्या साच्यात पसरतो. तो स्फटिकांचा ढग. पंधरा-वीस मिनिटांनी हातोडीने ठोकलं तर टणटण वाजतं. नायलॉन सहा वितळतं दोनशे वीस अंशांना, म्हणजे इथे ते तयार होतं आणि गोठतं, दोन्ही एकदमच. कितीही काम असलं तरी तो ढग उठताना बघायला मी जिना उतरून खाली जायचेच.

आता मापांचा हिशेब. कॅप्रोलॅक्टमचा रेणुभार ११३. शंभर किलो म्हणजे ८८४ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक). दर अडीचशे लॅक्टमना एक टीडीआय धरला तर साडेतीन मोल लागतो, म्हणजे ६१५ ग्रॅम, मामांच्या स्टीलच्या मापाने अर्धा लिटर. कॉस्टिकही तितकेच मोल, म्हणजे १४० ग्रॅम. टीडीआयच्या रेणूला दोन हात. प्रत्येक रेणूपासून एक साखळी, दोन्हीकडे वाढणारी. सगळं लॅक्टम नीट वाटलं गेलं तर साखळीमागे २५० कड्या, रेणुभार २८ हजारांच्या घरात. मुलाखतीत हा हिशेब मी मालकांना फळ्यावर करून दाखवला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ‘ठीक आहे, सोमवारपासून या’ म्हणाले. मामा दारात उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

भाच्याच्या पुस्तकात जे आहे ते चूक नाही. १९५६ साली मायकेल श्वार्त्सने स्टायरिनच्या (ज्याचा थर्माकोल बनतो त्या द्रव्याच्या) ‘जिवंत’ साखळ्या दाखवल्या. ऋणभार साखळीच्या टोकावर बसलेला, सगळ्या साखळ्या एकदम सुरू झालेल्या, मधे कोणी मरत नाही, सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखेच घास. मग लांबीही जवळजवळ सारखीच. अॅनायॉनिक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हे चित्र उभं राहतं.

लॅक्टमची गोष्ट उलटी आहे. लहानपणी आपण साखळीचा खेळ खेळायचो. राज्य आलेल्यांनी हात धरून साखळी करायची आणि पळणाऱ्यांना पकडायचं. स्टायरिन म्हणजे तो खेळ, धावते ती साखळी. इथे साखळी जागच्या जागी हात पसरून उभी असते आणि सुटा गडी स्वतः धावत येऊन हात धरतो. लॅक्टमचा रेणू म्हणजे एक बंद कडं, आणि ऋणभार साखळीवर नसून या लॅक्टमवर असतो. कॉस्टिकने लॅक्टमच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून घेतलेला असतो. असा ऋणभाराने तापलेला लॅक्टम साखळीच्या टोकाशी असलेल्या कड्यावर आदळतो, ते कडं उघडतं, साखळी एकाने वाढते, आणि भार लगेच दुसऱ्या कुठल्यातरी लॅक्टमकडे जातो. टोकाशी पुन्हा एक नवं बंद कडं तयार. टीडीआयचं काम काय, तर अशी पहिली टोकं पुरवायची. ती नसली तर नुसत्या अल्कलीने, म्हणजे कॉस्टिकने, नायलॉन होतं, पण फार रखडत आणि बऱ्याच वरच्या तापमानाला.

घोळ होतो तो ‘दुसऱ्या कुठल्यातरी’ या शब्दांत. भार लॅक्टमकडेच जाईल याची खात्री कोण देणार? तयार झालेल्या साखळीत जागोजागी तसाच नायट्रोजन, तसाच हायड्रोजन आहे. भार साखळीच्या मधल्याच एखाद्या कडीवर बसला की ती कडी शेजारच्या साखळीच्या टोकावर जाऊन आदळते. कुठे फांदी फुटते, कुठे दोन साखळ्यांचे तुकडे अदलाबदल होतात. शिवाय टोकाच्या कड्यापाशी कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीच्या) शेजारचा हायड्रोजनही तसा ढिलाच. अल्कली तोही ओढते, आणि क्लेझेन कंडेन्सेशन नावाच्या अभिक्रियेच्या वाटेने भलतेच सांधे तयार होतात. हे सांधे स्वतःच आम्लधर्मी, त्यामुळे ते अल्कलीही गिळून बसतात. तापमान जितकं वर, तितका हा उपद्व्याप जास्त. टीडीआयचे दोन हातही सारखे नाहीत. चौथ्या जागेवरचा चपळ, दुसऱ्या जागेवरचा मिथाइलच्या शेजारी असल्याने थोडा आळशी. म्हणजे सगळ्या साखळ्या एकाच क्षणी सुटल्या, हेही खरं नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण या रसायनाचा इतिहास मला मनापासून आवडतो. ड्युपाँट कंपनीत नायलॉन शोधणाऱ्या कॅरोथर्सने १९३० साली लिहून ठेवलं होतं की कॅप्रोलॅक्टमचं पॉलिमर होत नाही. बर्लिनच्या पॉल श्लाकने २९ जानेवारी १९३८ला ते करून दाखवलं. कॅरोथर्स आदल्या वर्षीच गेला होता. अल्कलीने लॅक्टम जोडायचं जॉइस आणि रिटर यांचं पेटंट १९४१चं, तेही कॅरोथर्सच्याच कंपनीतून. पण या अॅनायॉनिक वाटेचे खाचखळगे ज्यांनी वर्षानुवर्षं मोजले ते प्रागचे लोक, ओटो विख्टरले आणि यान शेबेंडा. विख्टरले युद्धकाळात झ्लीनला बाटाच्या प्रयोगशाळेत नायलॉन सहावर काम करत होता. १९४२ मध्ये गेस्टापोने त्याला पकडूनही नेलं होतं. पुढे याच माणसाने १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे सुटे भाग जोडून, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र बनवलं. मी वीस वर्षं लेन्स वापरल्या. रात्री लेन्स काढून डबीत ठेवताना कधीकधी वाटायचं, दिवसभर लॅक्टमशी झगडायचं आणि रात्री डोळ्यांतून विख्टरले काढून ठेवायचा.

असो. २००६चा सप्टेंबर.

जुलैत आम्ही एका गिऱ्हाइकाला रोलर दिले होते. २०० मिलिमीटर व्यासाचे रॉड ओतायचे, मधे भोक पाडायचं आणि त्यात लोखंडी शाफ्ट दाबून बसवायचा. गणपतीनंतर फोन सुरू झाले. रोलर तडकतायत. तीन आले, मग अकरा, मग एक टेम्पोच आला. तडा भोकापासून सुरू होऊन बाहेर जाणारा, सगळ्यांचा तसाच. मालक आधी लेथवाल्यावर घसरले, भोक कमी काढलं असणार म्हणून. त्याने बिचाऱ्याने मायक्रोमीटर लावून दाखवला. मग माझ्याकडे. मी रजिस्टर काढलं. जुलैची प्रत्येक बॅच, तिची रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी, सगळी हद्दीत. माझा चेहरा तेव्हा फार साळसूद असणार.

व्हिस्कॉसिटीची पद्धत अशी. नायलॉन फॉर्मिक अॅसिडमध्ये विरघळवायचं, द्रावण गाळायचं, बारीक नळीतून खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साखळ्या लांब असतील तर वेळ जास्त. स्वस्त आणि नेटकी. पण त्यातून निघतो एक आकडा, आणि शंभर किलोच्या केटलमध्ये साखळ्या मात्र मोजता येणार नाहीत इतक्या असतात.

मालकांना मी म्हटलं, हे बाहेरून तपासून घेऊ. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माझी कॉलेजची मैत्रीण होती. तिच्याकडे जेल परमिएशनचं यंत्र होतं. त्यात सच्छिद्र मण्यांचा स्तंभ असतो. लहान साखळ्या मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठ्या सरळ पुढे निघून जातात, आणि बाहेर पडायच्या क्रमावरून कोण किती लांब ते कळतं. नायलॉनची पंचाईत अशी की ते रोजच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. हेक्साफ्लुरोआयसोप्रोपॅनॉल लागतं. ते नाव जितकं लांब तितकंच महाग. त्यातही थोडं पोटॅशियम ट्रायफ्लुरोअॅसिटेट टाकावं लागतं, नाहीतर साखळ्या भलत्याच ताणून बसतात आणि ग्राफ खोटं बोलतो. आणि मोजमाप अॅक्रिलिकच्या प्रमाणित नमुन्यांशी ताडून, म्हणजे मिळणारा रेणुभार हा त्या तुलनेतला. मैत्रिणीने हे सगळं सांगून ‘किती नमुने आणणारेस?’ असं जरा घाबरूनच विचारलं. मी म्हटलं दोन. एक रॉडच्या कडेचा, एक गाभ्याचा.

गाभा का सुचला, तर तडा तिथून सुरू होत होता. दुसरं काही नाही. त्याआधी आठ वर्षांत मी एकदाही गाभ्याचा तुकडा तपासला नव्हता. रॉड साच्यातून काढल्यावर वरचं मुंडकं कापतात, त्याच्या कडेचा पापुद्रा मुलं मला आणून देत. तोच माझा ‘सॅम्पल’.

चार दिवसांनी आकडे आले. कडेचं वितरण दोनाच्या थोडं वर. गाभ्याचं तीनच्याही पलीकडे.

हे दोन आणि तीन कशाचे, ते मी मामांना दिंडीवर समजावलं होतं, कारण मामा दर आषाढीला रजा टाकून आळंदीहून पायी जाणारे. समजा तीन दिंड्या आहेत. एकीत १० माणसं, दुसरीत २०, तिसरीत २७०. दिंडीमागे सरासरी किती? तीनशे भागिले तीन, शंभर. आता हिशेब दिंड्यांना न विचारता वारकऱ्यांना विचारू. प्रत्येकाला विचारायचं, ‘माउली, तुमच्या दिंडीत किती जण?’ दहा जण सांगतील दहा, वीस जण सांगतील वीस, आणि दोनशे सत्तर जण सांगतील दोनशे सत्तर. या उत्तरांची सरासरी येते जवळजवळ २४५. पहिला आकडा म्हणजे संख्यासरासरी रेणुभार, दुसरा म्हणजे भारसरासरी, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागलं की २.४५. सगळ्या दिंड्या सारख्या असत्या तर उत्तर १ आलं असतं. मामा म्हणाले, “म्हंजे गर्दी कुठं हाय ते माणसाला इचारायचं, दिंडीला न्हाई.” मी हे इतक्या सोप्या शब्दांत कधीच सांगू शकले नव्हते.

भाच्याचा श्वार्त्स इथे खरा असता तर आमच्या २५० कड्यांच्या साखळ्यांचं हे गुणोत्तर १.००४च्या आसपास यायला हवं. दुसरीकडे, पाण्याने कॅप्रोलॅक्टम उघडून, अडीचशे अंशांवर तासन्‌तास ठेवून जे धाग्याचं नायलॉन बनवतात त्याचं दोन येतं. तिथे साखळ्यांना तुकडे अदलाबदल करायला भरपूर वेळ मिळतो, आणि पुरेशी सरमिसळ झाली की उत्तर दोनावर येऊन थांबतं. पॉल फ्लोरीने १९३६ साली हे निव्वळ शक्यतेच्या गणिताने दाखवलं. कास्ट नायलॉन या दोघांच्या मधे नीट बसायला हवं, असं कुणालाही वाटेल. ते दोनाच्याही बाहेर जातं, कारण फांद्या. फांदी फुटलेल्या साखळीला टोकं जास्त, टोकं जास्त म्हणजे वाढ जास्त, म्हणजे मोठी ती आणखी मोठी होत जाते. आणि सरमिसळ करून सगळ्यांना सारखं करायला वेळच नसतो. ढग आला की सगळं गोठलं.

गाभा आणि कड वेगळी का, ते मी नंतर साच्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडून पाहिलं. पॉलिमर होताना उष्णता सुटते, स्फटिक होताना आणखी सुटते. कडेची उष्णता साच्याचं लोखंड घेऊन जातं. दोनशे मिलिमीटरच्या मधोमध ती कुठे जाणार? नायलॉनसारखं उष्णता धरून ठेवणारं दुसरं काय असेल! साचा एकशे साठवर असताना मधली सुई दोनशेच्या पुढे गेली होती. म्हणजे एकाच रॉडमध्ये दोन वेगळ्या हवामानांत वाढलेल्या साखळ्या. त्या दिवसापासून ‘या रॉडचा रेणुभार किती’ असं कुणी विचारलं की मी विचारते, कुठला?

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. आकड्यांच्या मेलखाली मैत्रिणीने एक ओळ लिहिली होती: ‘गाभ्याचा नमुना नीट विरघळला नाही, गाळणी दोनदा चोंदली, जे गाळून आलं त्याचाच ग्राफ आहे.’

मी ती ओळ वाचली, आणि मेल बंद करून जेवायला गेले. जेवतानाच घास हातात राहिला.

यंत्रात शिरण्याआधी द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जातं, नाहीतर तो महागडा स्तंभ खराब होतो. ज्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं झाल्या त्या विरघळतच नाहीत, नुसत्या फुगतात आणि गाळणीवर राहतात. ग्राफवर जे तीनच्या पुढचं दिसत होतं ते गाळणीतून सुटलेल्यांचं. सगळ्यात मोठी दिंडी मोजणीत आलीच नव्हती.

आणि माझी पद्धत काय? विरघळवायचं, गाळायचं, सेकंद मोजायचे. काचेच्या गाळणीवर कधीकधी पारदर्शक लिबलिबीत काहीतरी उरायचं. विशेषतः पावसाळ्यात. मला ते आठवत होतं, स्वच्छ आठवत होतं. कचरा पडला असेल, नमुना नीट विरघळला नसेल, असं म्हणून मी ते नळाखाली धुऊन टाकायचे. आठ वर्षं मी दोष गाळून मोरीत सोडत होते आणि उरलेल्याला ‘हद्दीत’ म्हणून सही देत होते.

त्या संध्याकाळी मी दोन बरण्या घेतल्या. एकीत कडेचे कीस, दुसरीत गाभ्याचे, वर फॉर्मिक अॅसिड. फार लांब साखळ्यांना विरघळायला वेळ लागतो, तो बहाणाही नको म्हणून दोन दिवस हलवत ठेवल्या. कडेची बरणी काचेसारखी स्वच्छ. गाभ्याच्या बरणीत तळाशी भिजवलेला साबुदाणा. अगदी तसाच, मोकळा, फुगलेला, मधे किंचित धूसर. चमच्याने दाबला तर दाबला जायचा आणि पुन्हा वर यायचा.

ती बरणी घेऊन मी खाली गेले. मामा साचे पुसत होते.

“मामा, जुलैत काही वेगळं केलं होतं का?”

“काय वेगळं? दर साली करतो तेच.”

“दर साली काय करता?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलंय, पाऊस आल्यावर छत्री उघडता का. मग सांगितलं. पावसाळ्यात माल ‘धरत’ नाही. अर्धा तास झाला तरी पाकच. साचे अडकून पडतात, मालक वरून ओरडतात. मग टीडीआय अर्ध्या लिटरऐवजी सहाशे मिली, आणि कॉस्टिक मूठभर जास्त. लगेच धरतो. हे त्यांना आधीच्या कारागिराने शिकवलं होतं. रजिस्टरमध्ये अर्धा लिटरच लिहायचं, कारण रजिस्टरच्या रकान्यात ‘५००’ असं आधीच छापलेलं होतं.

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. शंभर किलोत फक्त शंभर ग्रॅम पाणी राहिलं, एक हजारांश भाग, तर ते साडेपाच मोल होतं. कॉस्टिक आपलं साडेतीन मोल. पाण्याने तापलेला लॅक्टम विझतो, शिवाय पाणी टीडीआयही खातं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून. आणि कॉस्टिक लॅक्टमशी जुळताना स्वतःही मोलामागे एक मोल पाणी देतं, तेही ओढून काढावं लागतं. म्हणजे माल धरत नव्हता यात नवल नव्हतं. मामांनी वरून टाकलेल्या टीडीआयचा काही भाग पाण्यात गेला. उरलेला नुसता नव्या साखळ्या सुरू करून थांबला असता तर बरं होतं, पण टीडीआयसारखं आयसोसायनेट साखळीच्या मधल्या नायट्रोजनलाही चिकटतं. दोन हातांचं असल्यामुळे एक हात या साखळीत, एक त्या साखळीत. त्यात जादा अल्कली आणि गाभ्यातले दोनशे अंश. साबुदाणा भिजायला अजून काय हवं?

प्रश्न राहिला की पाणी राहतंच का. व्हॅक्यूमचा काटा तर पूर्ण बसायचा, मी स्वतः पाहिला होता. इथे मामांनीच मला हात धरून पंपापाशी नेलं. काटा पंपाच्या तोंडाशी. तिथून केटलपर्यंत तीन मीटर पाइप. मामांनी मधला फ्लॅंज, म्हणजे पाइपाचा जोड, उघडला. आत पांढऱ्या सुया, दाट, फ्रीजरमधल्या बर्फासारख्या. कॅप्रोलॅक्टमची वाफ पाण्याबरोबर उडते आणि गार पाइपात जमते. मधे जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. काटा पंपाचा व्हॅक्यूम दाखवत होता, केटलचा नाही. उन्हाळ्यात तेवढ्या वाटेने पाणी कसंबसं निघून जायचं. पावसाळ्यात पोती ओली, पाणी जास्त, वाट तेवढीच.

“हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“पाइप तुंबतो हे म्हाईत हाय. दिवाळीला साफ करतो की.” मग जरा थांबून, “तुम्ही काटा वाचत होता, बाई. मला वाटलं तुम्हाला सगळं कळतं.”

मालकांना मी जे सांगितलं त्यात मामांचं माप होतं, तुंबलेला पाइप होता आणि माझी गाळणीही होती. मालक गाळणीवर जास्त वेळ बोलले. ते योग्यच होतं. रोलर सगळे बदलून द्यावे लागले. तडा निव्वळ जाळ्यामुळे गेला असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. जाड रॉडमध्ये थंड होतानाचे ताण असतात, शाफ्ट दाबून बसवल्यावर भोकावर ओढ येते. पण त्याच मापाचे मार्चमधले रॉड, तोच लेथवाला, तोच शाफ्ट, आणि ते टिकले होते.

मग काय बदललं? काटा केटलच्या झाकणावर बसवला. पाइपाला गरम पाण्याचं जॅकेट केलं. पोती उघडल्यावर सुतळीने बांधायची ती प्लॅस्टिकच्या आतल्या पिशवीसकट सील करायला लागलो. रजिस्टरमधला छापील ‘५००’ काढून रकाना रिकामा ठेवला, यासाठी मला छापखान्यात दोन फेऱ्या माराव्या लागल्या. आणि प्रत्येक जाड बॅचमधल्या एका रॉडच्या गाभ्याचा तुकडा बरणीत. जेल परमिएशन पुन्हा केलं नाही, परवडणारं नव्हतं. फॉर्मिक अॅसिडची बरणी मात्र तेव्हा वीस रुपयांत व्हायची.

तर भाच्या, तुझा ग्राफ पसरट आहे याची फार काळजी करू नकोस, तो पसरटच येणार. अॅक्टिव्हेटर (आमचा टीडीआय तसा) कोणता, तापमान किती चढलं, मिश्रण कधी गोठलं, हे लिहून ठेव आणि कडेचा नमुना व मधला नमुना वेगळे ठेव. बाकी नंतर बोलू. आणि इंजेक्ट करण्याआधी गाळणीचं वजन कर. गाळल्यावर धुऊन, सुकवून पुन्हा कर.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची पहिली जाड बॅच. हवा कोरडी, पाइप साफ, माप अर्धा लिटर, ढग अगदी वेळेवर उठला. दोन दिवसांनी सकाळी मी पोटमाळ्यावर गेले तर मामा आधीच खिडकीपाशी उभे. बरणी उजेडाला धरलेली. तळाशी काही नव्हतं. मी रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“थांबा मॅडम,” मामा म्हणाले. त्यांनी बरणी तिरपी केली, पुन्हा सरळ केली. “अजून एक दिवस ठिवू.”